स्वस्तातला नेम

१७८० सालच्या १७ ऑगस्टला पहाटे साडेपाचच्या सुमारास कलकत्त्याच्या अलिपूर भागात दोन माणसं एकमेकांपासून चौदा पावलांवर उभी राहिली. एक होता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, दुसरा त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस. भांडणाचं निमित्त आम्ही मराठे होतो. मराठ्यांविरुद्ध चाललेल्या युद्धाबाबत फ्रान्सिसने दिलेला शब्द पाळला नाही, असं हेस्टिंग्जचं म्हणणं होतं आणि ते त्याने कौन्सिलच्या दप्तरात अशा शब्दांत नोंदवलं होतं की त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढे पिस्तुलंच उरत होती. हेस्टिंग्जचा साक्षीदार कर्नल पीअर्स याने या द्वंद्वाची हकिकत लिहून ठेवली आहे. तीत एक गोष्ट अशी की फ्रान्सिसने जन्मात कधी पिस्तूल झाडलेलं नव्हतं आणि हेस्टिंग्जला एकदा-दोनदाच झाडल्याचं आठवत होतं. फ्रान्सिसने चाप ओढला, पण दारू दमट निघाली आणि बार उडाला नाही. हेस्टिंग्जने रोखलेला हात खाली घेतला आणि समोरच्याला दारू बदलायला वेळ दिला. मग दोघांनी झाडलं. फ्रान्सिस उजव्या बाजूला गोळी लागून पडला, पण वाचला, विलायतेला परतला, आणि पुढे हेस्टिंग्जवर जो महाभियोग चालला त्यामागे त्याने आपली सगळी बुद्धी खर्चली. दोघेही १८१८ साली गेले. आमची पेशवाईही त्याच वर्षी गेली, हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

फ्रान्सिसचा साक्षीदार होता कर्नल हेन्री वॉटसन, कंपनीचा मुख्य इंजिनिअर. खिदिरपूरला जहाजांची गोदी बांधण्याचा पहिला उद्योग त्याचाच, आणि इथला वॉटगंज हा मोहल्ला अजून त्याचं नाव वागवतो. मी याच भागात राहते. नॅशनल लायब्ररीत जाताना ज्या परिसरातून जावं लागतं तिथे एका रस्त्याला आजही ड्यूएल अ‍ॅव्हेन्यू म्हणतात आणि हवामान खात्याची कचेरी त्या रस्त्यावर आहे. रोजच्या पावसाचे अंदाज तिथून निघतात. दमट दारूच्या जागी हे शोभून दिसतं.

या हकिकतीत मला नेहमी अडवतो तो सरावाचा अभाव. दोघांनाही सराव नव्हता, म्हणून दोघेही जगले असं म्हणता येईल. मग सराव नसलेला हात अधिक निरागस मानायचा का? आणि उलट, जो हात रोज साठ वेळा चाप दाबायला शिकतो, त्याच्यात काही बदलतं का? हा प्रश्न मी एरवी इतिहासात टाकून दिला असता. पण गेल्या वर्षी शेजारच्या मुलीने मला विचारलं, “खाला, स्वस्तात सराव करायचा तर कुठलं पिस्तूल घेऊ?” आणि तिला उत्तर हवं होतं.

मुलगी तेवीस वर्षांची. घरची भाषा उर्दू, आजोबा बिहारमधून गोदीत कामाला आले ते इथलेच झाले. तीन वर्षं ती एका क्लबमध्ये क्लबच्याच एअर पिस्तुलावर नेमबाजी करते. माझ्याकडे आली त्याचं कारण साधं होतं: परदेशी कंपन्यांच्या माहितीपुस्तिका तिला नीट समजावून देणारं कोणी हवं होतं, आणि अनुवाद करणाऱ्या बाईला सगळ्या भाषा येतात असा मोहल्ल्यात समज आहे. मी पुस्तिका वाचल्या. काही आठवडे माझ्या टेबलावर कादंबरीचा खर्डा आणि पिस्तुलांची माहिती शेजारी शेजारी पडून होती.

आधी स्वस्ताईचं गणित सांगते, कारण नैतिक प्रश्न त्यातच दडलेला आहे. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे पिस्तुलाचे दोन वैयक्तिक प्रकार आहेत. दहा मीटरवरून एअर पिस्तूल, ज्यात दारू नसते. दाबलेली हवा साडेचार मिलिमीटरचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा ढकलते. आणि पंचवीस मीटरवरून ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे .२२ इंच व्यासाचं काडतूस, ज्याची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर भरते. हे काडतूस अमेरिकेत १८८७ च्या सुमाराचं आणि आजतागायत जगात सरावासाठी सर्वांत जास्त झाडलं जाणारं. ते स्वस्त का, याची कारणं त्याच्या बांधणीत आहेत. पितळ थोडं, शिसं थोडं, दारू चिमूटभर. पेट घेणारा मसाला वेगळ्या टोपीत न बसवता बुडाच्या कडेतच भरलेला. कडेवर ठोका पडला की ती चेपते, म्हणून रिकामं कवच पुन्हा भरता येत नाही; वापरा आणि टाका. आणखी एक कारण पैशांत दिसत नाही: धक्का इतका कमी की हात बिचकत नाही. मोठ्या पिस्तुलाने नवशिका वीस-पंचवीस बारांनंतर आवाजाआधीच डोळे मिटू लागतो. छोट्याने तो दोनशे झाडतो.

तरी दोन्हींत फरक आहेच. छर्‍यांचा डबा पाचशेचा येतो, काडतुसांची पेटी पन्नासाची. रोज साठ बार, आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाला पंधरा हजारांवर जातात. याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यातल्या रोडा कंपनीचा जो माल क्रांतिकारकांनी जकातीतून सोडवून बैलगाडीतून पळवला, त्यात पन्नास माउझर पिस्तुलं आणि शेहेचाळीस हजार काडतुसं होती. पिस्तुलामागे नऊशेवीस. आजची एक मध्यमवर्गीय नेमबाज तेवढी तीन आठवड्यांत संपवते. पुढच्या वर्षी बालेश्वरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले ते याच पिस्तुलांनी. पुन्हा मिळण्याची खात्री नसलेली गोळी सरावात कोण घालवील? सराव ही चैन आहे. ती त्यांनाच परवडते ज्यांना गोळी राखून ठेवावी लागत नाही.

कायद्यालाही सराव हा शब्द माहीत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम मी तिच्यासाठी वाचलं. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यावर सराव करण्यासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असं ते म्हणतं. रायफल, पिस्तूल नाही. पिस्तुलासाठी तुमच्याकडे पुरेसं कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. काडतूस दोन्हींत तेच, गोळीचं वजन तेच, आणि लांब नळीतून ती उलट जास्तच वेगाने सुटते. मग कायदा कशाला भितो? लांबीला. रायफल खांद्यावर दिसते, पिस्तूल खिशात मावतं. रायफलीला शिकारीची सबब आहे, तिला रानाची आठवण आहे. पिस्तुलाने क्वचितच कोणी शिकार केली असेल. ते हाताच्या अंतरावरच्या माणसासाठीच घडवलं गेलं. कायदा लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

पण याच कायद्याचा पूर्वज आठवला की माझी बाजू डळमळते. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर लगाम घातला, दुसऱ्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. पहिल्यातून इंग्रजी पत्रं मोकळी, दुसऱ्यातून युरोपियन माणसं मोकळी. ‘अमृत बाझार पत्रिका’ इंग्रजीत निघू लागली आणि लगामातून निसटली, ही गोष्ट इथे शाळकरी पोरंही सांगतात. शस्त्राच्या बाबतीत अशी भाषा बदलून निसटायची सोय नव्हती. पत्रांचा कायदा चार वर्षांत गेला. शस्त्रांचा स्वातंत्र्यानंतरही १९६२ पर्यंत राहिला. माझ्या शेजारणीच्या आईला परवान्याच्या अर्जाची भीती वाटते ती अशी पिढीजात आहे. “आमच्या नावाच्या मुलीकडे पिस्तूल,” एवढंच ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. स्वस्त सरावाची आपली सर्वांत जुनी गोष्ट एकलव्याची आहे: गुरू मातीचा, फी शून्य, रान फुकट, आणि कसब असं की भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्याला इजा न करता बाणांनी बंद केलं. त्याचा अंगठा गेला तो कोणाला मारल्याबद्दल नाही. त्याला सराव करण्याचा अधिकार नव्हता म्हणून. (हंगेरीच्या कारॉय टाकाच या पिस्तूलबाजाचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बने निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशी दोनदा ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेऊन आला. एकलव्याच्या डाव्या हाताचं काय झालं, असं कोणी विचारत नाही.)

लहान व्यास म्हणजे निरुपद्रवी, अशी एक समजूत दुकानदारही पसरवतात आणि घाबरट आईबापही तिला धरून बसतात. तिच्यात तथ्य नाही. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी गेले ते .२२ च्या स्वस्त रिव्हॉल्व्हरने. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर रोखलेलं शस्त्रही .२२ चंच होतं. आणि इतक्या लांब कशाला जायचं? मी मूळची कोल्हापूरची. माझं गाव नेमबाजांचं म्हणून आता देशाला माहीत झालं आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं. त्याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी गोविंद पानसरे आणि उमाताई फिरून घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी पानसरे गेले. त्याआधी पुण्यात दाभोलकर, नंतर धारवाडला कलबुर्गी, बंगळूरला गौरी लंकेश. शस्त्रं गावठी, लहान व्यासाची, स्वस्त. आणि लंकेश प्रकरणात तपास करणाऱ्यांनी न्यायालयापुढे मांडलेलं एक म्हणणं मला झोपू देत नाही: बेळगावच्या बाजूला रानात सराव झाला होता.

सराव. तोच शब्द. राहीने केला तोही सरावच. मराठीने या दोन्हींसाठी वेगळे शब्द दिले नाहीत आणि ती देईल अशी मला आशाही नाही. मी शब्दांवर पोट भरते, म्हणून जमेल तिथे त्यांच्याकडेच विचारणा करते. आपल्याकडे ‘नेम’ म्हणजे रोखणं, आणि नेम म्हणजे रोज पाळायचा नियमही. आजीचा तुळशीला पाणी घालायचा नेम आणि नेमबाजाचा नेम एकाच शब्दात राहतात. ‘टिपणं’ म्हणजे अचूक मारणं, दाणे वेचणं, लिहून ठेवणं, आणि डोळ्यांतलं पाणी पदराने शोषून घेणंही. चापाच्या बाबतीत मात्र मराठी थोडी ढिली आहे. आपण चाप ‘ओढतो’. शेजारणीचे बंगाली प्रशिक्षक तिच्यावर ओरडतात ते असं: “टेनो ना, टेपो.” ओढू नकोस, दाब. उर्दूतही लबलबी दाबतात. आणि शास्त्र बंगाल्यांच्या बाजूचं आहे: ओढलं की मनगट हलतं आणि बार भलतीकडे जातो. दाबायचं तेही इतकं सावकाश की तो नेमका कुठल्या क्षणी सुटेल हे आपल्यालाही कळू नये. मी हे ऐकून चकित झाले. म्हणजे चांगला नेमबाज आपला बार ठरवून सोडत नाही. तो सुटू देतो.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. पिस्तूल रोखताना डोळा लक्ष्यावर ठेवायचा नसतो. नळीच्या टोकावर जी उभी खूण असते, नेमबाज तिला फ्रंट साइट म्हणतात, तिच्यावर ठेवायचा. डोळ्याला जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. म्हणून खूण लख्ख आणि लक्ष्य अंधुक, हीच बरोबर स्थिती. आपण लहानपणापासून अर्जुनाला झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा दिसला असं ऐकत आलो. मूळ कथेत तो पक्षी कारागिरांनी बनवलेला, खोटा होता, म्हणजे तोही सरावच. आणि त्या सरावात झाड, भाऊ, गुरू सगळं अंधुक व्हायला हवं होतं. मला ती एकाग्रता नेहमी जराशी भयावह वाटत आली आहे. पिस्तुलाची शिकवण तिच्या उलट जाते: समोरचं धूसर होऊ दे, स्वतःच्या हाताचा थरथराट बघ. तो कधीच थांबत नाही. दहा मीटरवरच्या कागदावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, आणि त्या अंतरावर हाताचं थरथरणं त्याच्याहून मोठं पडतं. म्हणून साठ बारांना सव्वा तास दिलेला असतो, आणि म्हणूनच प्रशिक्षक एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतात: जमत नाही असं वाटलं की बार सोडायचा नाही. हात खाली. श्वास. पुन्हा. हेस्टिंग्जने त्या पहाटे घेतला तसा हात खाली.

इथे मला माझं उत्तर सापडलं असं वाटलं. पानसऱ्यांना ज्यांनी मारलं ते जवळून मारलं. त्या अंतराला नेम लागतच नाही. मग रानातल्या सरावात कशाचा सराव होतो? माझ्या मते संकोचाचा. म्हणजे संकोच मोडण्याचा. कागदावरच्या सरावात हात थांबायला शिकतो, रानातल्या सरावात न थांबायला. लष्करांना हे कधीचं ठाऊक आहे. अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकात गोल लक्ष्यं मागे टाकून एकदम उठून उभ्या राहणाऱ्या मनुष्याकृती आणल्या, त्या शिपायाचा हात विचार करण्याआधी चालावा म्हणून. खेळ नेमका दुसऱ्या दिशेने गेला. १९०६ च्या अथेन्सच्या सामन्यांत कोट घातलेल्या पुतळ्याच्या छातीवर पिस्तुलं झाडत. ऑलिम्पिकच्या जलद पिस्तूल प्रकारात माणसाची आकृती १९८० च्या दशकापर्यंत टिकून होती. आता तिथेही काळं वर्तुळ आहे, कशासारखंच न दिसणारं. खेळाने कागदावरचा माणूस पुसून काढला.

भाषेच्या सरावातही हा फरक मी पाहिला आहे. व्याकरणाच्या पुस्तकातला राम आंबा खातो, पण तो कोणीच नसतो, ते वाक्य कोणावर रोखलेलं नसतं. याच शहरात कंपनीच्या साहेबांसाठी हिंदुस्तानीची जी संवादपुस्तकं निघाली त्यांत पानोपानी नोकरांना द्यायचे हुकूम आहेत. तोही क्रियापदांचाच सराव, पण त्या वाक्यांसमोर आधीपासून एक माणूस उभा केलेला. अशा पुस्तकातून शिकलेला माणूस व्याकरण बरोबर बोलला असेल.

मी हे सगळं शेजारणीला मोठ्या समाधानाने सांगितलं, आणि तात्पर्य काढलं: तू एअर पिस्तूलच घे. त्याची नळी .१७७ इंचाची आणि जोर वीस ज्यूलच्या आत, म्हणजे २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना नको, आईचा घोर नाही, छर्रा स्वस्त. शिवाय हे हत्यार इतकं एका कामाचं होऊन बसलेलं आहे की दुसरं काही त्याच्याने धड होणार नाही: तळहाताच्या मापाने कोरलेली लाकडी मूठ, दीड किलोपर्यंतचं वजन, कुठल्याही खिशात न मावणारं. पिस्तूल निवडताना ते काय करू शकत नाही हे आधी बघावं, असं एक वाक्यही मी टाकलं. आवडतं वाक्य होतं.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पंचवीस मीटरची स्पर्धा पाहिली आहेत कधी, खाला?”

पाहिली नव्हती. मग तिने सांगितलं. साठातले पहिले तीस बार सावकाशीचे, पाच बारांना पाच मिनिटं. पुढच्या तीसांत हात पंचेचाळीस अंशांवर खाली धरून उभं राहायचं. खूण होते, लक्ष्य तीन सेकंदांपुरतं खुलं असतं. तेवढ्यात हात उचलून एकच बार. सात सेकंद विश्रांती. पुन्हा. हात खाली घ्यायची सोय नाही. घेतला तर तो बार शून्य. कुठल्याशा पुस्तिकेत मला या टप्प्याचं जर्मन नाव आधीच दिसलं होतं आणि मी ते नुसतं वाचून पुढे गेले होते: ‘डुएल’. द्वंद्व. माणूस कागदावरून पुसला गेला, पण त्याच्यासमोर उभं राहण्याची रीत शिल्लक आहे. माझी दोन सरावांची साफसूफ विभागणी तिथे अडखळली, कारण तीन सेकंदांचा टप्पा हा संकोच मोडायचाच सराव आहे, आणि राही सरनोबतचं सुवर्ण त्याच प्रकारातलं आहे.

“मग त्या तीन सेकंदांत तू ठरवतेस काय?” मी विचारलं.

“काही नाही. ठरवून आलेले असतो. पाय कुठे ठेवले तिथेच ठरलेलं असतं.”

हे उत्तर मला खरं वाटतं आणि तरीही समाधान देत नाही. ठरवून आलेले तर ते दोघेही होते, मोटरसायकलवरचे. त्यांचेही पाय आधी कुठेतरी ठेवले गेले होते. कोणीतरी ते ठेवायला शिकवलं होतं. हाताकडे बघून मला फरक सांगता येत नाही हे मी आता मान्य करते. फरक पायांत आहे असं म्हटलं तर प्रश्न पिस्तुलातून निघून शाळेत, घरात, सभेत जातो. तो तिथेच जायला हवा असेल, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. आणि हत्याराला पूर्ण निर्दोष सोडायलाही मी तयार नाही, कारण जे हातात असतं त्याची हाताला सवय होते. खर्डे लिहिणाऱ्या माझ्या बोटांनाही काही शब्दांची अशी सवय झाली आहे की ते मी निवडते की तेच येऊन बसतात, हे मला सांगता येणार नाही.

तिची निकड माझ्या विचारांपेक्षा साधी होती. पिस्तुलाच्या दोन्ही प्रकारांत गुण असले की खेळाडूंच्या जागांवर नोकरीची शक्यता वाढते. स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता तो याच वाटेने. एकीकडे सरकार पिस्तुलाचं कारण विचारतं आणि दुसरीकडे ते चांगलं चालवणाऱ्याला पगार देतं; यात विसंगती आहे असं मी म्हणाले तर ती हसली. तिला त्यात विसंगती दिसत नव्हती, दरवाजा दिसत होता. शेवटी तिने ठरवलं ते असं: क्लबमधल्या एका निवृत्त होणाऱ्या खेळाडूचं वापरलेलं एअर पिस्तूल हप्त्याने घ्यायचं, आणि .२२ साठी क्लबचंच हत्यार, क्लबच्याच रेंजवर, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी एकच पेटी. पन्नास काडतुसं. त्याहून जास्त परवडत नाहीत, आणि त्याहून जास्त झाडली की मन लागत नाही, हेही तिनेच सांगितलं. स्वस्ताईबद्दल इतकं मोजकं मी कुठे वाचलेलं नाही.

उरलेले पाच दिवस ती घरी छर्‍याशिवाय सराव करते. याला ड्राय फायर म्हणतात, आणि मोठमोठे नेमबाजही यात तासन्‌तास घालवतात. समोर लक्ष्यसुद्धा नसतं, कोरी पांढरी भिंत असते. हात उचलायचा, खूण स्थिर होईपर्यंत थांबायचं, चाप दाबायचा, टक् असा आवाज येतो, आणि त्या क्षणी खूण किती हलली ते बघायचं. खर्च काहीच नाही. मी एकदा बघायला गेले होते. तिच्या खोलीची खिडकी गल्लीवर उघडते आणि रात्री दिवा लागला की आतली सावली समोरच्या इमारतीवर पडते: एक हात लांब केलेली बाई. पहिल्याच आठवड्यात तिच्या आईने जुन्या चादरीचा जाड दुपदरी पडदा शिवून तिथे लावला. आता सराव सुरू करण्याआधी ती पडदा ओढते, दोन्ही कडा भिंतीला नीट टेकल्यात का ते हाताने चाचपून बघते, आणि मगच पिस्तुलाची पेटी उघडते.